पिनकोडप्रमाणे गठ्ठे : एका पतसंस्थेच्या सहा हजार पाकिटांचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातील पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना आणि अहवाल सभासदांना टपालाने पाठवण्याचे काम २०२३ साली आमच्या छापखान्याकडे आले. सभासद सुमारे ६,४०० होते. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जिल्ह्यातच राहणारे, तर उरलेले निवृत्तीनंतर किंवा बदलीमुळे पुणे, मुंबई, ठाणे, कोकण आणि थोडे मराठवाड्याकडे गेलेले होते. अहवालाची छपाई आम्ही आधीच्या वर्षीही केली होती. पाठवणी मात्र संस्थेच्या कार्यालयानेच केली होती आणि तिचा अनुभव वाईट होता. सभा २५ सप्टेंबर २०२२ रोजी झाली आणि अनेकांच्या हाती पाकीट सभेनंतर पडले. चारशेहून थोडी अधिक पाकिटे परत आली. सभेत त्यावरून बराच वेळ वाद झाला आणि सूचना न मिळाल्याच्या लेखी तक्रारीही आल्या. सहकार कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावी लागते आणि संस्थेच्या उपविधीप्रमाणे सूचना सभेच्या १४ पूर्ण दिवस आधी जावी लागते. त्यामुळे हा प्रश्न सभासदांच्या नाराजीपुरता राहिला नव्हता. सभेच्या वैधतेपर्यंत जाऊन पोचला होता.

संस्थेच्या सचिवांनी आमच्याकडे काम देताना एक गोष्ट ठासून सांगितली, की आदल्या वर्षीही पाकिटे वर्गवारी करूनच टाकली होती. ते खरे होते. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी नऊ दिवस बसून तालुकावार गठ्ठे बांधले होते, प्रत्येक गठ्ठ्यावर तालुक्याचे नाव जाड अक्षरांत लिहिले होते आणि जिल्ह्याबाहेरच्या पाकिटांचे जिल्हावार गठ्ठे केले होते. एवढी मेहनत करूनही उशीर का झाला, हे समजून घेण्यासाठी मी टपाल छाननीच्या कामात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याला भेटलो. त्यांनी जे सांगितले त्यावर पुढचे सगळे काम उभे राहिले, म्हणून ते त्यांच्याच शब्दांत देतो : “गठ्ठा सोडल्यावर पहिलं पाकीट शिरवळचं आणि दुसरं त्याच गठ्ठ्यात लोणंदचं निघालं, की आम्ही वरची चिठ्ठी वाचतच नाही. सगळा गठ्ठा टेबलावर ओततो आणि पहिल्यापासून लावतो.”

पिन जिल्ह्याप्रमाणे चालत नाही

खंडाळा तालुक्याचे उदाहरण घेतले की त्यांच्या म्हणण्याचा अर्थ लख्ख कळतो. शिरवळचा पिन ४१२८०१, खंडाळ्याचा ४१२८०२ आणि त्याच तालुक्यातल्या लोणंदचा ४१५५२१ आहे. वाई ४१२८०३ आणि महाबळेश्वर ४१२८०६ ही गावे सातारा जिल्ह्यात असली तरी त्यांचे पहिले तीन आकडे पुण्याच्या ग्रामीण भागाशी जुळतात, सातारा शहराच्या ४१५००१ शी जुळत नाहीत. उलट ४१५ या आकड्यांखाली सातारा आणि कराडच्या बरोबरीने सांगली जिल्ह्यातले विटा येते आणि सह्याद्री ओलांडून पलीकडचे चिपळूण आणि रत्नागिरीही येते. पुणे जिल्ह्यातले बारामती ४१३१०२ आहे, म्हणजे त्याचे पहिले तीन आकडे सोलापूर आणि लातूरशी जुळतात. ज्या गठ्ठ्यावर ‘तालुका खंडाळा’ असे लिहिले होते त्यात दोन वेगवेगळ्या वाटांनी जाणारी पाकिटे होती. ‘जिल्हा पुणे’ असे लिहिलेल्या गठ्ठ्यात तर चार वाटांची होती.

पिनची रचना मुळात टपालाच्या वाहतुकीसाठी झाली आहे. मराठी अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले दोन मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. यातला ‘छाननीचा जिल्हा’ आणि महसुली जिल्हा एकच असतील असे गृहीत धरल्यामुळे संस्थेच्या कर्मचाऱ्यांचे नऊ दिवस वाया गेले. गावांची सारखी नावे वेगळी करायलाही दुसरा खात्रीचा आधार नाही. साताऱ्याचा खंडाळा आणि लोणावळ्याजवळचा खंडाळा एकाच यादीत येतात. वडगाव तर कराडलाही आहे, मावळातही आहे, कोल्हापूरकडेही आहे आणि पुणे शहरात तर एकाहून अधिक आहेत.

म्हणून आम्ही ठरवले, की वर्गवारीचा एकमेव आधार पिन राहील आणि ती संगणकावर, लेबल छापण्याआधीच होईल. इंटरनेटवर अशा कामाची तयार सॉफ्टवेअर शोधली तर बहुतेक अमेरिकेची निघतात. तिथे घाऊक टपाल ठरलेल्या रीतीने लावून दिले तर टपालखाते दरात सूट देते, त्यासाठी पाकिटांच्या किमान संख्येचे नियम आहेत आणि त्या सूटीभोवती एक पूर्ण व्यवसाय उभा राहिला आहे. ती सॉफ्टवेअर झिप कोडवर चालतात, आपल्या पत्त्यांना उपयोगी नाहीत. आम्ही विनाशुल्क मिळणारे लिबरऑफिस कॅल्क हे तक्ते करण्याचे सॉफ्टवेअर आणि त्याच्याच सोबतची पत्र-जुळणीची (मेल मर्ज), म्हणजे यादीतले पत्ते आपोआप लेबलांवर उतरवण्याची, सोय वापरली. हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा कामाला महागडी प्रणाली लागते या समजुतीने अनेक संस्था वर्षानुवर्षे हातानेच गठ्ठे बांधत राहतात.

यादीची साफसफाई

संस्थेकडून आलेली यादी तीन तुकड्यांत होती. सर्वात जुना तुकडा युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखी साठवणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या फाँटमध्ये, टंकलेला होता. तो फाँट काढला की पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. तो रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणल्यावर पहिली वेलांटी आणि रफार बऱ्याच ठिकाणी शेजारच्या अक्षरावर गेले होते. त्यातच ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ ही दोन्ही रूपे यादीत होती आणि ‘कऱ्हाड’मधला ऱ काही नोंदींत एकसंध अक्षर म्हणून, तर काहींत र आणि खालचा नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यांत साठवलेला होता. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात.

पिनच्या रकान्याची स्थिती आणखी विचित्र होती. काही पिन इंग्रजी आकड्यांत, काही देवनागरीत, काही तीन आकड्यांनंतर जागा सोडून, काही शेवटी टिंब देऊन लिहिलेले. चढत्या क्रमाने लावताच इंग्रजी आकड्यांत सलग लिहिलेले पिन संख्या म्हणून वर गेले आणि देवनागरीतले सगळे मजकूर म्हणून यादीच्या तळाशी साचले. एकाच साताऱ्याचे दोन ढीग झाले, एक वर आणि एक खाली. कर्मचाऱ्यांपैकी कोणी पूर्वी संगणकावर वर्गवारी करून पाहिली असती तर हा प्रकार बघून तिचा नाद सोडून दिला असता, असे मला वाटते. उपाय साधा आहे : मूळ रकान्याला हात न लावता शेजारी नवा रकाना काढायचा, त्यात सर्व आकडे एकाच लिपीत आणायचे, जागा आणि टिंबे काढायची आणि जे सहा आकडी भरत नाहीत ते लाल करायचे. आमच्याकडे हजाराच्या आसपास नोंदी लाल झाल्या.

त्या लाल नोंदींतला मोठा हिस्सा जुन्या सवयीचा होता. पुण्या-मुंबईच्या पत्त्यांत आजही लोक ‘पुणे ३०’, ‘मुंबई २८’ असे लिहितात. हे जुने विभाग-क्रमांक पिनच्या शेवटी तसेच घेतलेले असल्याने पुणे ३० म्हणजे ४११०३० आणि मुंबई २८ म्हणजे ४०००२८ असा नियम लावून ते एका झटक्यात पूर्ण करता आले. ज्या पत्त्यांत पिनच नव्हता त्यांच्यासाठी टपाल खात्याची देशभरातली पिन निर्देशिका वापरली. ती केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर मिळते आणि तिच्यात दीड लाखाहून अधिक कार्यालयांची नावे, जिल्हा आणि वाटप होते की नाही याची नोंद असते. अडचण एवढीच, की तिच्यातली नावे रोमन लिपीत आणि आमची यादी देवनागरीत. आपोआप लिप्यंतर करण्याचा प्रयत्न केला, पण तो भरवशाचा ठरला नाही. शेवटी संस्थेचे एक ज्येष्ठ लेखनिक दोन संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले. जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांत त्यांची नोकरी झाली होती आणि कोणत्या वाडीचे टपाल कोणत्या शाखा डाकघरातून वाटले जाते हे ते न अडखळता सांगत. त्यांच्या मदतीने गावाचे देवनागरी नाव, डाकघर आणि पिन असा एक तक्ता तयार झाला. या सबंध कामात पुढच्या वर्षांसाठी सर्वात मोलाचा ऐवज कोणता, असे कोणी विचारले तर मी त्या तक्त्याकडे बोट दाखवीन.

इथे आमच्याकडून एक गंभीर चूक होता होता राहिली. दुबार नोंदी काढण्यासाठी मी आडनाव आणि पत्ता जुळवून पाहिला तेव्हा दोनशेच्या आसपास जोड्या सापडल्या आणि त्यातली एकेक नोंद वगळण्याच्या बेतात होतो. लेखनिकांनी पडद्यावरची पहिलीच जोडी पाहून थांबवले. त्या नोंदी नवरा-बायकोच्या होत्या. दोघेही नोकरदार, दोघेही स्वतंत्र सभासद आणि दोघांनाही मताचा स्वतंत्र अधिकार. त्यांतल्या एकाला सूचना न पाठवणे म्हणजे एका सभासदाचा हक्क डावलणे झाले असते. त्यानंतर दुबारपणाची कसोटी सभासद क्रमांक हीच ठेवली आणि खऱ्या दुबार नोंदी पस्तीसच निघाल्या. पती-पत्नींची पाकिटे आम्ही वेगळीच ठेवली, फक्त एकाच गठ्ठ्यात एकाखाली एक येतील असे पाहिले, म्हणजे पोस्टमनला त्या दारी एकदाच जावे लागेल.

गठ्ठ्यांची रचना

अहवाल ४० पानी होता. ६० जीएसएम (दर चौरस मीटरला ६० ग्रॅम) कागदावर छापल्याने पाकिटासह वजन ४४ ग्रॅम भरले आणि बुक पोस्ट या छापील मजकुरासाठीच्या टपालसेवेच्या दराच्या ५० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसले. सचिवांची इच्छा होती, की प्रत्येकाच्या भागभांडवलाचा आणि लाभांशाचा तपशील असलेली चिठ्ठीही आत घालावी. ती आम्ही नम्रपणे नाकारली, कारण बुक पोस्टात तेव्हा छापील आणि सर्वांना समान असलेला मजकूर जात असे, व्यक्तिगत हिशेब घातला की ते पाकीट पत्राच्या दरात मोडत असे. पाकिटाचे तोंडही त्यासाठी न चिकटवता ठेवावे लागे.

वर्गवारीचा नियम त्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने आणि ज्या कार्यालयात टपाल द्यायचे तिथे विचारून असा ठरवला : एका पिनची आठ किंवा अधिक पाकिटे असतील तर त्या पिनचा थेट गठ्ठा करायचा. आठाहून कमी असतील तर पहिल्या तीन आकड्यांचा एकत्र गठ्ठा. तिथेही आठ भरत नसतील तर पहिल्या दोन आकड्यांचा, आणि त्यातूनही उरलेल्यांचा एक मिश्र गठ्ठा. कोणताही गठ्ठा २५ पाकिटांहून मोठा करायचा नाही, म्हणजे वजन १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास राहते आणि एका हातात मावतो. संगणकावर हे करायला एका रकान्यात प्रत्येक पिन किती वेळा आला त्याची मोजणी, दुसऱ्यात पहिले तीन आकडे, तिसऱ्यात त्या तीन आकड्यांची उरलेली संख्या आणि त्यांवरून चौथ्यात गठ्ठा क्रमांक, एवढे पुरते. पिनच्या आत पुन्हा गावाच्या नावाने क्रम लावला. एका पिनखाली अनेक शाखा डाकघरे असतात आणि उपडाकघरात गठ्ठा सुटल्यावर ग्रामीण डाक सेवकाच्या पिशवीत एका गावची पाकिटे सलग पडावीत, हा हेतू होता.

प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला एक जादा लेबल छापले. त्यावर नाव-पत्ता नव्हता. गठ्ठा क्रमांक, पिन, डाकघराचे नाव आणि पाकिटांची संख्या होती. ते लेबल पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवून गठ्ठ्याच्या माथ्यावर ठेवले आणि सुतळी उभी-आडवी बांधली. सर्व पाकिटांचे पत्ते एकाच बाजूला, एकाच दिशेने.

लेबल चिकटवण्याच्या पहिल्याच दुपारी एक बिघाड झाला. आमच्या लेबलांच्या ए-फोर तावावर तीन स्तंभ आणि आठ ओळी, अशी २४ लेबले असतात. संगणक त्यांवर पत्ते आडव्या ओळीने छापतो, म्हणजे पहिली तीन नावे वरच्या ओळीत, चौथे दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. काम करणाऱ्या बायकांचा हात मात्र वरून खाली चालतो. डावा स्तंभ पूर्ण सोलायचा, मग मधला, मग उजवा. त्यांची रीत अगदी योग्य आहे, कारण तसे केल्याने ताव फाटत नाही. पण त्यामुळे पहिल्यानंतर चौथे, मग सातवे, मग दहावे पाकीट गठ्ठ्यात जाऊ लागले आणि संगणकाने लावलेला क्रम टेबलावर मोडला. तीस ताव, म्हणजे सातशेहून अधिक पाकिटे, होऊन गेल्यावर एका ताईंच्या लक्षात आले, की पुठ्ठ्यावर मेढा लिहिले आहे आणि हातात पाकीट कोरेगावचे आहे. सुदैवाने प्रत्येक लेबलच्या कोपऱ्यात गठ्ठा क्रमांक आणि अनुक्रमांक बारीक अक्षरांत छापलेला होता. त्यावरून ती पाकिटे दीड तासात पुन्हा लावता आली. उरलेले ताव आम्ही उभ्या क्रमाने छापून घेतले. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांनी लेबले आडव्या क्रमाने छापली जातात की उभ्या, हे छपाईआधी तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यादी कितीही अचूक लावलेली असो, लेबल सोलणाऱ्या हाताची दिशा तिच्याशी जुळली नाही तर ती टेबलावर विस्कटते.

पाठवणी आणि परिणाम

सभा गणपतीपूर्वीच्या रविवारी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी ठरली होती. त्या वर्षी राखीपौर्णिमा ३० ऑगस्टला होती आणि तिच्या आधीच्या आठवड्यात टपाल कार्यालयांवर राख्यांच्या पाकिटांचा लोंढा असतो. त्याच्या पुढे राहण्यासाठी आम्ही २१ आणि २२ ऑगस्टला सर्व गठ्ठे दिले. चिकटवण्यापासून गठ्ठे बांधण्यापर्यंतचे काम साडेतीन दिवसांत झाले. आदल्या वर्षी संस्थेला नऊ दिवस लागले होते. मात्र यादीच्या साफसफाईला त्याआधी अकरा दिवस गेले होते, हे सांगितल्याशिवाय हा हिशेब प्रामाणिक होणार नाही. ते अकरा दिवस पहिल्या वर्षीचे आहेत, दरवर्षी लागणार नाहीत.

दरात आम्हाला काहीही सूट मिळाली नाही. जो फायदा झाला तो वेळेत आणि परतीच्या पाकिटांत दिसला. जिल्ह्यातल्या सभासदांकडून २५ ऑगस्टपासून पाकीट मिळाल्याचे फोन संस्थेत येऊ लागले. परत आलेली पाकिटे दीडशेच्या आत राहिली. यातला किती वाटा गठ्ठ्यांच्या रचनेचा आणि किती शुद्ध झालेल्या पत्त्यांचा, हे वेगळे काढता येत नाही. माझा अंदाज असा, की परतीची पाकिटे घटली ती मुख्यतः दुरुस्त पिनमुळे आणि वेळ वाचला तो गठ्ठ्यांमुळे.

एक उपयोग मात्र आधी ध्यानातही आला नव्हता. साधे टपाल टाकल्याचा दाखला देण्याची टपाल खात्याची जुनी सोय २०११ साली बंद झाली, त्यामुळे सूचना पाठवली हे दाखवायला संस्थांकडे जावक नोंदवहीखेरीज फारसे काही नसते. २०२३ साली ज्या क्रमाने पाकिटे बांधली त्याच क्रमाने यादी छापून, प्रत्येक गठ्ठ्याखाली संख्या देऊन, आम्ही तीच जावक नोंद म्हणून संस्थेला बांधून दिली. फलटणच्या एका सभासदाने सूचना न मिळाल्याची तक्रार केली तेव्हा सचिवांनी त्यांचे नाव कोणत्या गठ्ठ्यात, कितव्या क्रमांकावर आणि कोणत्या तारखेला गेले ते दोन मिनिटांत दाखवले. त्याच गठ्ठ्यातल्या शेजारच्या नावांना विचारल्यावर त्यांची पाकिटे पोचल्याचे कळले. मग त्या सभासदांनी स्वतःच सांगितले, की घर बदलले आहे आणि नवा पत्ता कळवायचा राहून गेला.

परत आलेल्या प्रत्येक पाकिटावरचा पोस्टमनचा शेरा, मग तो ‘पत्ता सोडून गेले’ असो वा ‘अपूर्ण पत्ता’, कोपऱ्यातल्या अनुक्रमांकाच्या आधारे मूळ यादीत चढवला आहे. निवृत्त सभासदांचे पत्ते मात्र अजून पुरते हाती आलेले नाहीत. मुलांकडे पुण्याला किंवा ठाण्याला राहायला गेलेले लोक गावचाच पत्ता ठेवतात आणि त्यांना तो बदलायचा नसतो, यावर कोणत्याही सॉफ्टवेअरकडे तोड नाही. संस्थेने त्यांच्यासाठी ‘गावचा पत्ता’ आणि ‘टपालाचा पत्ता’ असे दोन वेगळे रकाने आता अर्जातच ठेवले आहेत. तो नवा अर्ज आमच्याकडेच छापला गेला. टपालाच्या पत्त्याखाली पिनसाठी सहा चौकोन आहेत आणि ते भरल्याशिवाय अर्ज स्वीकारू नये, अशी सूचना लेखनिकांच्या आग्रहावरून पहिल्या ओळीतच छापली आहे.